मॅटलॅबचा कोड गावच्या लॅपटॉपवर: ऑक्टेव्ह दोन हंगाम वापरल्यावर

राजेहो, ज्यांच्याकडे मॅटलॅबच्या (हिशोब अन आलेख करायचं विकतचं सॉफ्टवेअर) फाइली आहेत पण घरच्या लॅपटॉपवर मॅटलॅब नाही त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. मी ॲग्रिकल्चर इंजिनिअरिंगमध्ये एमटेक करतो, गाव आर्णी तालुक्यात. कॉलेजात मॅटलॅब आहे पण लायसन लॅबच्या सर्व्हरवर, म्हणजे लॅबला कुलूप लागलं की काम बंद, अन शनिवार-रविवार, सणवार, पेरणीचे दिवस मी गावात असतो. घरच्यासाठी वेगळं लायसन घ्यायचं तर टूलबॉक्सचे (जादा कामांचे संच) पैसे परत वेगळे, ते आपल्याच्यानं होत नाही. म्हणून जीएनयू ऑक्टेव्ह हे मॅटलॅबसारखंच फुकट सॉफ्टवेअर टाकलं, माझ्याकडे 9.2 आहे.

काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस, जून ते सप्टेंबर असे वर्षाला 122 दिवस, पंचवीसेक वर्षांचा. त्यात पावसाचे खंड शोधायचे. आमच्याकडं जूनमध्ये एक बरा पाऊस पडला की लोक सरकी टोबून मोकळे होतात, मंग पंधरा-पंधरा दिवस आभाळ कोरडं अन दुबार पेरणी. हवामान खात्याच्या हिशोबानं 2.5 मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस, त्याच्या खालचा कोरडा. लागोपाठ कोरडे दिवस किती, कोणत्या आठवड्यात, एवढंच काढायचं. सरांनी त्यांची मॅटलॅबची तयार फाइल दिली होती.

इन्स्टॉल करणं सोपं आहे. विंडोजची फाइल तीनशे एमबीच्या वर, मी ती आर्णीला मित्राच्या दुकानातल्या वायफायवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये आणली. गावासाठी सगळ्यात भारी गोष्ट ही की विंडोजच्या त्या एकाच फाइलमध्ये स्टॅटिस्टिक्स, सिग्नल, कंट्रोल, आयओ अशी बरीच पॅकेजं आलेली असतात, फक्त पीकेजी लोड (pkg load) ही ओळ लिहून चालू करावी लागतात, परत नेट लागत नाही. रात्री लाइट नसतानाही बॅटरी पुरेल तोवर बसलो आहे. पहिल्यांदा उघडायला थोडा वेळ घेतं, त्याच्यात घाबरायचं काही नाही.

आता मुद्दा, जुळते का. गणित जसंच्या तसं जुळते. मॅट्रिक्स, स्लॅश मारून समीकरणं सोडवणं, फाइंड, डिफ, क्युमसम, प्लॉट, सगळं एकाही अक्षराचा बदल न करता चाललं. खंड मोजायची जी युक्ती सरांनी वापरली होती (कोरडा दिवस 1, ओला 0, दोन्ही टोकाला 0 लावून डिफ म्हणजे लागोपाठच्या आकड्यांतला फरक घ्यायचा, 1 आला तिथं खंड सुरू अन उणे 1 आला तिथं संपला) ती दोन्हीकडं सारखीच उत्तरं देते, मी लॅबमध्ये जाऊन ताडून पाहिलं. हे असंच योगायोगानं नाही झालेलं. मॅटलॅबमध्ये चालणारी गोष्ट ऑक्टेव्हमध्ये चालली नाही तर ऑक्टेव्हवाले त्याला आपल्याकडचा बग समजतात, मनात तेच धरून काम करतात.

तसं पाह्यलं तर हे आधी मॅटलॅबसाठी निघालंच नव्हतं. जॉन ईटन यांनी 1992 पासून पूर्ण वेळ लावून हे बनवलं, मूळ कारण रसायन अभियांत्रिकीच्या पोरांना रिॲक्टरचे हिशोब करता यावेत. 1994 ला पहिलं पक्कं व्हर्जन आलं. नावाचा अन संगीतातल्या सप्तकाचा संबंध नाही, ईटन यांचे एक प्राध्यापक होते ऑक्टेव्ह लेव्हनस्पील, पाठकोऱ्या कागदावर भराभर अंदाजे हिशोब काढण्यासाठी प्रसिद्ध, त्यांचं नाव दिलं. मला ही गोष्ट फार आवडली.

जिथं अडकलं ते आता. सरांच्या फाइलमध्ये रीडटेबल होतं (तक्ता वाचायला), डेटटाइम होतं (तारखांसाठी), ऑक्टेव्हच्या मूळ संचात दोन्ही नाहीत, लाल अक्षरात सांगते की हे मला माहीत नाही. तिथं मी त्याच कामाची जुनी फंक्शनं सीएसव्हीरीड अन डेटनम वापरली, अर्धा दिवस गेला पण काम झालं. दुसरं म्हणजे स्क्रिप्टच्या तळाशी फंक्शन लिहिलेली. मॅटलॅबला 2016 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून हे चालते, अन बरीच वर्षं तळाशीच लिहायची सक्ती होती. ऑक्टेव्ह वरून खाली ओळ-ओळ वाचत जाते, तळाचं फंक्शन त्याला अजून भेटलेलंच नसते तर ते बोलावणार कसं. फंक्शन वर नेलं तर ऑक्टेव्ह खूश पण जुनं मॅटलॅब नाराज. मंग प्रत्येक फंक्शनची वेगळी फाइल केली, ती दोन्हीकडं चालते. लाइव्ह स्क्रिप्टची (कोड अन उत्तरं एकत्र दाखवणारी) डॉट एमएलएक्स फाइल तर उघडतच नाही, सरांना विनंती करून साधी डॉट एम करून घ्या.

पण एरर येणाऱ्या गोष्टींची मला भीती नाही, एरर आली की कळते तरी. खरी काळजी एरर न येता उत्तर बदलते तिथं घ्या. माझ्या यादीत गावांची नावं देवनागरीत आहेत. 'वणी' हा शब्द घ्या. त्याची लांबी विचारली तर ऑक्टेव्ह म्हणते 9. मॅटलॅबमध्ये सिंगल कोटात लिहून विचारली तर 3. तिथंच डबल कोटात लिहून विचारली तर 1! तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणजे ऑक्टेव्ह बाइट मोजते अन युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीनं साठवताना आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, व, ण अन वेलांटी मिळून नऊ. मॅटलॅब सिंगल कोटात चिन्हं मोजते, अन डबल कोट म्हणजे तिथं आता वेगळाच स्ट्रिंग प्रकार, अख्खा शब्द एक नग. ऑक्टेव्हमध्ये डबल कोट म्हणजे साधी अक्षरांची रांगच, म्हणून दोन शब्दांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं तर मॅटलॅब शब्द जोडते अन ऑक्टेव्ह, दोन्हींची लांबी सारखी असेल तर, अक्षरांच्या कोडची बेरीज करून आकडे देते. इंग्रजी नावं असती तर यातलं अर्धं लक्षातही आलं नसतं. मी आता सिंगल कोटच वापरतो, जोडायचं असेल तर चौकोनी कंसात, अन गावांना नंबर दिले, नावं शेवटी फक्त छापायला.

यापेक्षा मोठी गोष्ट रिकाम्या खान्याची, अन ती दोन्हीकडं सारखी आहे म्हणूनच सांगतो. सीएसव्हीरीड रिकाम्या खान्यात शून्य भरते. पावसाच्या तक्त्यात शून्य म्हणजे पाऊस नाही अन रिकामं म्हणजे नोंदच नाही, जमीन-अस्मानाचा फरक. माझ्या निकालात एका वर्षी अख्खा जुलै कोरडा निघाला. मी बाबांना सहज वाचून दाखवलं तर म्हणे, "काहून रे, त्या साली तं नाल्याले पूर होता, दोन दिवस बंडी पलीकडंच राह्यली होती. कोरडं कोठचं?" तक्ता उघडून पाह्यला तर त्या महिन्याचे खाने मोकळे. दोन्ही सॉफ्टवेअरचे आकडे जुळले होते, सर पण हो म्हणाले होते, अन तरी निकाल चूक होता. ऑक्टेव्हच्या डीएलएमरीडमध्ये (हेही फाइल वाचायचंच फंक्शन) रिकाम्या जागी काय भरायचं ते सांगायची सोय आहे, मॅटलॅबच्या डीएलएमरीडमध्ये ती नाही, म्हणून मी तक्त्यातच मोकळ्या खान्यात उणे 999 भरलं अन कोडमध्ये त्याचं नॅन (म्हणजे 'आकडाच नाही' ही खूण) केलं. एवढ्यानंही संपत नाही, कारण नॅन हा 2.5 पेक्षा लहान आहे का विचारलं तर उत्तर नाही येते, म्हणजे तो दिवस ओला धरला जातो अन खंड मधातूनच तुटतो. तसे खंड वेगळे काढून ठेवावे लागतात. ज्यांना शेतीचा डेटा हाताळायचा आहे त्यांनी हे दोनदा वाचा.

वेगाचं म्हणाल तर फॉर लूप (तेच काम परत परत करायच्या ओळी) मॅटलॅबमध्ये बरेच पळतात, ऑक्टेव्हमध्ये हळू चालतात. 122 दिवस गुणिले पंचवीस वर्षं एवढ्याला काही फरक नाही, पण मोठं सिम्युलेशन असेल तर लूप मोडून मॅट्रिक्समध्ये लिहायची सवय करा, ती मॅटलॅबलाही कामी पडते. सिम्युलिंकचं (मॅटलॅबमध्ये चौकोन जोडून मॉडेल बनवायची सोय) मॉडेल असेल तर ऑक्टेव्हच्या भानगडीत पडू नका, ते इथं नाही. त्यासाठी सायलॅब या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एक्सकॉस आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी (खुलं सॉफ्टवेअर शिक्षणात आणायच्या) प्रकल्पानं सायलॅबवर बरंच काम केलं अन स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, शिकायला चांगलं. पण सायलॅबची भाषाच वेगळी, कॉमेंट दोन स्लॅशनं, पायच्या आधी टक्क्याचं चिन्ह, मॅटलॅबची फाइल जशीच्या तशी चालत नाही.

उलट्या दिशेनं जाताना जास्त जपा. ऑक्टेव्ह ढिलं आहे, # नं कॉमेंट लिहू देते, एंडइफ, एंडफॉर लिहू देते, उद्गारचिन्ह-बरोबर नं "नाही बरोबर" लिहू देते, अन हात त्याला सरावतो. मॅटलॅबमध्ये यातलं काहीच चालत नाही. पहिल्या दिवसापासून % अन साधं एंड वापरा. पीकेजी लोडची ओळ पण मॅटलॅबला कळत नाही, तिच्या आधी ऑक्टेव्ह आहे का हे तपासणारी अट टाका.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कमी टेबल अन तारखांसाठी, कारण आजकाल सगळ्यांच्या नव्या फाइलींमध्ये तेच असते अन पोरं तिथंच कंटाळून सोडून देतात. ज्यांचा कोड आकडे, मॅट्रिक्स, आलेख एवढाच आहे त्यांनी आजच टाका. अन डेटा सेव्ह करताना सेव्हच्या ओळीत उणे व्ही7 (-v7) लिहायला विसरू नका, नाहीतर ऑक्टेव्ह आपल्या पद्धतीच्या टेक्स्टमध्ये ठेवते अन सोमवारी लॅबमध्ये मॅटलॅबला ती फाइल वाचता येत नाही.