प्रिंटरच्या ड्रायव्हरपायी १७,४९८ रुपये गेले

तालुक्याला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून पीसीला फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकलं. बाकीचे ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) अपडेटमधून आपोआप आले, प्रिंटर तेवढा अडला. दारात पीकविम्याच्या पावतीला लोक उभे. घाईत ड्रायव्हर सर्च केला अन् पहिलीच लिंक उघडली. वर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’, म्हणजे जाहिरात, असं लिहिलेलं असतं, ते कोण वाचतंय?

कंपनीचा हुबेहूब लोगो, मधेच अडकणारं डाउनलोड, खाली हेल्पलाइन नंबर. तो लावला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एनीडेस्क (लांबून आपला पीसी चालवायचं अ‍ॅप) टाकायला लावलं, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजच्या नोंदवहीतल्या) लाल खुणा दाखवून ‘सिस्टम करप्ट है’. (त्या खुणा धडधाकट पीसीतही असतात.) २,९९९ घेतले. मग म्हणे पेमेंट अडकलं, रिफंडचा क्यूआर स्कॅन करा.

स्कॅन केल्यावर मोबाइलवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं, खाली आधीच भरलेले १४,४९९. प्रिंटर कंपनीचा अन् ट्रेडर्सचा काय संबंध? पैसे यायचेत तर पिन कशाला? गिऱ्हाइकांना रोज मीच सांगतो, पैसे घ्यायला पिन लागत नसतो! पण कानाला फोन, समोर म्हातारी ‘झालं का रे बाबा’ म्हणून टेबल वाजवतीय, त्यात लाइट जायची धास्ती. तिथं भल्याभल्यांचं डोकं चाललं नसतं.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लगेच लावा म्हणतात. लावला, बिझी. लागेस्तोवर पैसे पुढच्या खात्यात. बँकेतला साहेब मान वर न करता म्हणाला, पिन तुम्हीच टाकला ना? ठाण्यात तर कहर. ‘तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हीच कसे फसले?’ म्हणून हसले अन् जिल्ह्याला जा म्हणाले. जिल्ह्याचे म्हणतात, तुमच्या ठाण्यातच द्या. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम १७३ प्रमाणे, दखलपात्र गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याला फिर्याद घ्यावीच लागते. हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं, तर ‘लई शिकलेले दिसता’.

ड्रायव्हरला कुणी पैसे मागितले की फोन ठेवा. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, मॉडेल नंबर टाका, फुकट मिळतो. वाय-फायच दिसत नसेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचं नेट पीसीला मिळतं. फसलाच तर आधी नेट तोडा, एनीडेस्क काढा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. यूटीआर नंबर (व्यवहाराचा नंबर) लिहून ठेवा, त्याच्याशिवाय कुणी उभं करत नाही.

माझ्या तक्रारीवर सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलला अजून ‘अंडर प्रोसेस’च दिसतंय, अन् ठाण्यातून आलेला एकमेव फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी केसचा निघाला.