इलेक्ट्रिक सायकल का गिअरची? रविवारच्या राईडपुरतं बोलूया

भावा, जाहिरातीतली रेंज, म्हणजे एका चार्जला किती किमी जातीय ते, आधी डोक्यातनं काढ, चढ आणि आपलं वजन आलं की ती झटक्यात खाली येतीय.

खरा फरक चढाला कळतो. पन्हाळा आपल्या कोल्हापुरापासून साधारण 20 किमी, वाटेतल्या वाघबीळपर्यंत कुठलीबी सायकल चालतीय पण पुढं घाटात गिअरची असली की दम निघतो, मोटर असली तर गप्पा मारत वर जातोस. पण नुसता थ्रॉटल पिळून जाईल असं समजू नको, 250 वॅटची मोटर आहे ती, पायडल मारायलाच लागतंय. त्यामुळं व्यायाम होत नाही म्हणणाऱ्यांकडं लक्ष देऊ नको, थोडा कमी होतो एवढंच.

आता इलेक्ट्रिकचा त्रास. वजन बऱ्याचदा वीस किलोच्या वर, वाटेत बॅटरी संपली की हत्ती ढकलल्यागत. दुसऱ्या मजल्यावर राहत असशील तर रोज चढवून बघ मग कळंल 😄 मागच्या चाकात मोटर असली तर पंक्चरवाला वायर बघूनच नको म्हणतो. काही वर्षांनी बॅटरी बदलायची, तो खर्च हजारांत. गिअरच्या सायकलीला काय, चेन, ब्रेक पॅड, ऑइल, संपलं.

लायसन्सचं टेन्शन नाही, 250 वॅट आणि ताशी 25 किमीच्या आतली असली की झालं.

नुसतं रंकाळ्याभोवती सपाटीला फिरायचं असंल तर गिअरचीच घे, उरलेल्या पैशात हेल्मेट आणि लाईट. गुडघे कुरकुरतात, किंवा घरचं माणूस सोबत जोतिबाला न्यायचंय आणि दोघांचा स्पीड जुळत नाही, तर इलेक्ट्रिक, फक्त बॅटरी काढता येणारी बघ.