इलेक्ट्रॉनिक गिअर कोकणात वापरून बघितले, केबल जाणार का?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शिमानो १०५ डीआयटू (शिमानो कंपनीचे मधल्या वर्गातले, मोटरने बदलणारे इलेक्ट्रॉनिक गिअर, मागे बारा) लावलेली सायकल घेतली, आता पुढचा पावसाळा जवळ आलाय. मधल्या काळात रत्नागिरीच्या वरच्या अंगाला आरे-वारे, मालगुंड आणि खालच्या अंगाला पावस, पूर्णगड असं भरपूर फिरून झालं त्यामुळे लिहायला आता हरकत नाही. घरात जुनी नऊ स्पीडची (मागे नऊ गिअर) केबलवाली, म्हणजे लिव्हरने वायर ओढून गिअर बदलणारी, अजून आहे आणि तीही चालवतो, एकाच आठवड्यात दोन्ही हातात असतात. भेटेल तो एकच विचारतो की आता केबलचे गिअर बंद होणार का. माझं मत आधीच सांगून टाकतो: चालवायला इलेक्ट्रॉनिक सरस आहे, पण आपल्याकडे केबल एवढ्यात जात नाही कारण ती गावात दुरुस्त होते.

आधी चालवण्याचं बघू. आपला किनाऱ्याचा रस्ता कसा आहे तुम्हाला माहितीये, सड्यावरून (जांभ्याच्या पठारावरून) उतरायचं, खाडीवरचा पूल, आणि पूल संपला की लगेच परत सड्यावर चढायचं. भाट्याचा पूल ओलांडून फणसोपकडे वर जाताना किंवा आरे-वारेचा तो समुद्राकडेचा चढ घ्या, उतारावरून मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळच्या दातेरी चक्रावर) सुसाट आलेला असता आणि वळण घेतलं की समोर एकदम चढ उभा. तिथे पायावर जोर असतानाच पुढचा गिअर खाली टाकावा लागतो. केबलमध्ये हा क्षण नेहमी नाजूक, जोर थोडा सोडायचा, लिव्हर ढकलायची, चेन नीट बसली का खाली बघायचं आणि तेवढ्यात वेग मेला की मग उठून उभं राहून दाबा. डीआयटूमध्ये नुसतं बटण दाबायचं, मोटर दरवेळी तेवढ्याच जोराने डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) हलवते आणि मागे गिअर बदलले की पुढचा डिरेलर स्वतःच किंचित सरकतो म्हणजे चेन घासत नाही. माझी चेन अजून एकदाही पडलेली नाही. मागच्या गिअरमध्ये फरक आहे पण तेवढा नाही, खरी कमाई पुढच्या डिरेलरची, आणि आपल्यासारख्या सतत वरखाली रस्त्याला ती रोज कळते. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दात आहेत, म्हणजे सगळ्यात हलका गिअर एकास एक, सामान नसेल तर पुरतो.

आता खाऱ्या वाऱ्याचं. समुद्रापासून जवळ राहणाऱ्यांना सांगायला नको, गेटच्या कड्या खातो तो वारा, सायकलची वायर काय चीज आहे. आतली वायर स्टेनलेस घेतली तरी आऊटरमध्ये (वायरवरच्या नळीत) खारट ओल आणि जांभ्याची लाल धूळ जाऊन जो गाळ होतो त्याने वायर अडते. आठ स्पीडच्या कॅसेटमध्ये (मागच्या दातेरी चक्रांच्या संचात) दोन कॉगच्या (चक्रांच्या) मध्यामध्यात साधारण ४.८ मिलिमीटर अंतर असतं, बारा स्पीडमध्ये ते साडेतीनच्या आसपास येतं, म्हणजे जुन्या सायकलला जी कुरकुर चालून जायची तीच बारा स्पीडला चालत नाही, गिअर दोन कॉगच्या मध्ये लटकतो. त्यात हल्ली वायर फ्रेमच्या आतून, काही सायकलींना तर हेडसेटमधून (हँडल फिरतं त्या सांध्यातून) नेतात, बदलायची म्हणजे अर्धी सायकल उघडा. आम्ही पावसाळ्यात दोनदा वायर आऊटर बदलतो ते काही हौसेने नाही. डीआयटूमध्ये ही वायरच नाही, लिव्हरपासून मागच्या डिरेलरपर्यंत सिग्नल बिनवायरने जातो, आणि सीटपोस्टमधल्या बॅटरीपासून दोन डिरेलरना ज्या वायरी जातात त्या करंट आणि सिग्नल नेणाऱ्या, त्या ओढल्या जात नाहीत की घासत नाहीत. आख्खा पाऊस त्यात गेला, गिअर पहिल्या दिवशी पडायचे तसेच पडतायत. खारेपणाचा सगळ्यात मोठा बळी वायर, आणि तीच नाही म्हटल्यावर किनाऱ्यावर राहणाऱ्याला याचा फायदा घाटावरच्या माणसापेक्षा जास्त आहे, हे मी मनापासून सांगतो. फक्त चार्जिंगचं तोंड मागच्या डिरेलरवरच आहे, त्याचं झाकण नीट बसवायचं आणि प्रेशरच्या पाण्याने सायकल धुवायची नाही.

चार्जिंगची भीती लोकांना फार असते. कंपनी एका चार्जमध्ये हजारेक किलोमीटर सांगते, माझं महिना-दीड महिन्यातून एकदा होतं. बॅटरी अगदी उतरली तर आधी पुढचा डिरेलर थांबतो, मागचा थोडा वेळ चालतो, घरी यायला तेवढं बास. पण एक गोष्ट घाटावरच्यांना कळणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली मंडणगडात कित्येक दिवस लाईट नव्हती आणि नंतर तौक्ते २०२१ ला आलं. तशा वेळी गावात दुधाला, औषधाला सायकलच कामाची. पॉवर बँकवर बॅटरी चार्ज होते, त्यामुळे एकदम अडत नाही, पण वादळाची बातमी आली की फोनबरोबर सायकलही चार्जला लावायची ही सवय लागली.

आता मूळ मुद्दा. एकदा फेरीबोटीत जेटीला लागताना धक्का बसला, शेजारची मोटारसायकल कलली आणि माझी सायकल मागच्या डिरेलरच्या बाजूने आडवी. असं झालं की डीआयटूची मोटर आपोआप सुटी होते, तुटू नये म्हणून, मग डिरेलरवरचं बटण दाबून पेडल फिरवत ती परत जागेवर आणायची. ते झालं. पण हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारी पट्टी) वाकला होता. आमच्या गावातले सायकलवाले काका, ज्यांनी माझ्या शाळेच्या सायकलीपासून सगळ्या सायकली केल्यात, त्यांनी डिरेलर सोडवला, जुन्या चाकाचा मागचा अ‍ॅक्सल हँगरच्या आट्यात फिरवला (दोन्हीचे आटे एकच, १० मिलिमीटरचे) आणि ते चाक आपल्या चाकाशी समांतर येईपर्यंत हळूहळू दाबून सरळ करून दिला, गेज नाही काही नाही. मग गिअर जरा इकडेतिकडे पडत होते ते मी चालता चालता लिव्हरच्या बटणाने बारीक बारीक सरकवून घेतले, हे केबलमध्ये बॅरल (वायर ताणायचा स्क्रू) फिरवून करायचं काम. काका बघत होते, म्हणाले, "वाकलंय ते मी सरळ करीन रे, पण आतली मोटर गेली तर माझ्याकडे आणू नको हां, मला नाय उघडता येणार." आणि ते खरंच आहे. मोटर गेली तर ती कुणीच उघडत नाही, आख्खा डिरेलर नवा, तो पुण्यामुंबईहून मागवायचा आणि येईपर्यंत सायकल पडवीत. केबलचं काय बिघडणार? वायर तुटेल, फेरूल (आऊटरच्या टोकाची टोपी) फुटेल, तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते ती वायर.

लोक म्हणतात तंत्रज्ञान असंच बदलतं, जुनं जातं. जातं ना, पण कसं गेलं ते बघा. १९८४ ला शिमानोने ड्युरा-एस या आपल्या सगळ्यात वरच्या गिअरमध्ये इंडेक्स शिफ्टिंग आणलं, टक टक करून गिअर पडायला लागले, १९९० ला ब्रेक लिव्हरमध्येच गिअर आले. दोन्ही वेळा जुनं काही वर्षांत मागे पडलं, पण आत वायर तीच, ओढ तीच, पकड-पाना तोच, मेकॅनिकला शिकलेलं टाकून द्यावं लागलं नाही. इलेक्ट्रॉनिकमध्ये ते टाकून द्यावं लागतं. माविक कंपनीने १९९० च्या दशकातच झॅप आणि मग मेकट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक गिअर काढून बघितलं होतं, चाललं नाही. शिमानोचं डीआयटू २००९ ला रस्त्यावर आलं आणि स्रॅम या दुसऱ्या कंपनीचं बिनवायरचं ईटॅप २०१५ ला, तेव्हापासून गाडी सुटली. २०२१ ला ड्युरा-एस आणि त्याच्या खालोखालचे अल्टेग्रा बारा स्पीडमध्ये आले ते फक्त इलेक्ट्रॉनिक, म्हणजे महागड्या सायकलींपुरता निकाल लागलाच. पण १०५ बघा, २०२२ ला डीआयटू आलं आणि पुढच्याच वर्षी शिमानोने १०५ चीच बारा स्पीडची केबलवाली काढली. स्रॅमनेही २०२३ ला एपेक्स दोन्ही प्रकारात दिलं. कंपन्यांनाही माहितीये की मधल्या गिऱ्हाईकाला वायर हवीये.

अपडेटचं थोडक्यात. २०२४ ला अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की बिनवायरच्या गिअरचा सिग्नल पकडून परत सोडला तर दुसऱ्याची सायकल गिअर बदलते, शिमानोने त्यावर नवं फर्मवेअर (गिअरमधला प्रोग्राम) काढलं. रेसवाल्यांचा प्रश्न आहे तो, आपल्याला त्याची झळ नाही, पण सायकलला मोबाईलवरून अपडेट द्यायचं हे आलंच.

मी माझी विकणार नाही, खाडीच्या चढाला नुसत्या बोटाने पुढचा गिअर पडतो तेव्हा जे बरं वाटतं ते मला सोडायचं नाही. आता भाचीसाठी सायकल बघतोय, ती गुहागरला असते, कॉलेजला रोज जायला आणि रविवारी लांब फिरायला हवीये, तिला डीआयटूची फार हौस. तिच्यासाठी १०५ ची केबलवालीच सांगितलीये, बाहेरून वायर जाणारी फ्रेम मिळाली तर उत्तम, आणि दोन वायरी, थोडा आऊटर, फेरूल आणि एक जादा हँगर सायकलबरोबरच घ्यायचा. वायर बदलायची कशी ते मे महिन्यात ती इकडे आली की काकांच्या दुकानात बसून शिकवायचं ठरलंय.