बोरिस: गांधीलमाश्यांचे व्हिडिओ बघायला बसलेल्यांसाठी

आमच्या कॉलेजच्या सायकल स्टँडला, पत्र्याखाली, गांधीलमाशीचं पोळं आहे. शिपाईमामा ते जाळायला निघाले होते, मी त्यांना हात जोडून थांबवलं. ही जात रोपालिडिया मार्जिनाटा. बेंगळुरूच्या राघवेंद्र गदगकरांनी जिच्यावर कित्येक दशकं काम केलं, तीच. १९८३ साली त्यांनी आणि जोशींनी प्रत्येक माशीचा वेळ कशात जातो हे मोजून दाखवलं होतं की पोळ्यात तीन गट पडतात: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि चाऱ्याला जाणाऱ्या. ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, असं माझ्या एम.एस्सी.च्या दोन मुलींनी ठरवलं. माश्यांच्या पाठीवर इनॅमल पेंटचे रंगीत ठिपके दिले, स्टँडवर मोबाइल लावला आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सोळा क्लिप घेतल्या.

पहिली क्लिप त्यांनी वहीत उतरवली. व्हिडिओ थांबवायचा, वेळ लिहायची, परत सुरू करायचा. एका माशीच्या अर्ध्या तासाला अख्खी दुपार गेली. विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा भाव आमच्या विभागाच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून बोरिस हे प्राण्यांचं वागणं नोंदवायचं सॉफ्टवेअर घेतलं. बोरिस म्हणजे बिहेविअरल ऑब्झर्वेशन रिसर्च इंटरॅक्टिव्ह सॉफ्टवेअर. इटलीतल्या ट्युरिन विद्यापीठातल्या ऑलिव्हिए फ्रिआर आणि मार्को गांबा यांनी २०१६ साली त्यावरचा शोधनिबंध छापला. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं.

आधीच सांगते, बोरिस तुमच्यासाठी काही बघत नाही. माशी ओळखणार तुम्ही, वागणं ओळखणार तुम्ही. ते फक्त कीबोर्डवरच्या तुमच्या बोटाखालच्या कळीला नेमकी वेळ जोडतं. प्राण्याच्या शरीरावरचे बिंदू आपोआप पकडणारी डीपलॅबकटसारखी साधनं आहेत. पण एकमेकींच्या अंगावर चढणाऱ्या माश्या, मोबाइलचं चित्र आणि कॉलेजच्या लॅबमधला जुना कॉम्प्युटर एवढ्या सामग्रीवर मला बोरिसच बरं वाटलं.

सुरुवातीला वागणुकींची यादी करावी लागते, म्हणजे इथोग्राम. एकेका वागणुकीला एकेक कळ. क्षणात संपणारी वागणूक असेल, उदाहरणार्थ टोचा मारणं, तर कळ एकदा दाबायची. बसणं, चालणं, पोळ्यातल्या खोलीत डोकं घालणं अशा लांबणाऱ्या वागणुकीला सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा. एका वेळी दोन वागणुकी शक्य नसतील तर तसं तक्त्यात सांगून ठेवता येतं. मग चालण्याची कळ दाबली की बसणं आपोआप बंद होतं. आम्ही हा तक्ता आधी भरलाच नव्हता, त्यामुळे पहिल्या दोन क्लिपांत माशी चालताचालता बसलेलीही होती. न मिटलेल्या नोंदी शोधून देणारी तपासणी बोरिसमध्येच आहे. ती रोज संध्याकाळी चालवा.

या यादीनेच आमचं सगळ्यात मोठं काम केलं. प्रत्येक वागणुकीपुढे वर्णनाची जागा असते. मुलींनी ती रिकामी सोडली होती, मी भरायला लावली. ‘टोचा म्हणजे काय?’ यावर तासभर वाद झाला. शृंगिका नुसत्या लागल्या तर टोचा धरायचा का? समोरची दबून खाली बसली तरच धरायचा का? मग दोघींनी एकच क्लिप वेगवेगळी कोड केली आणि बोरिसमधूनच कोहेनचा कप्पा, म्हणजे दोघींच्या नोंदी किती जुळतात हे सांगणारा आकडा, काढला. तो कमी आला. दोघींचे चेहरे उतरले, पण मला मनापासून आनंद झाला. वहीत उतरवलं असतं तर हा फरक कधी दिसलाच नसता. व्याख्या बदलून त्याच क्लिपला परत बसलो आणि मग दोघींचं बऱ्यापैकी जमलं.

एका बैठकीत एकच माशी धरायची. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली नीट मांडलेली फोकल पद्धत हीच. म्हणजे तीच क्लिप दहा-बारा वेळा बघावी लागते. वेग कमी-जास्त करता येतो, झटापट असेल तर एकेक फ्रेम पुढे सरकवता येते. माशी बसलेली असताना दुप्पट वेग आणि भांडणाला फ्रेम-फ्रेम, असा आमचा रिवाज पडला.

अडलं कुठे, तेही सांगते. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. पेनड्राइव्हवर नुसती फाइल नेली आणि घरी काहीच उघडलं नाही. सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मोबाइलचा फोर-के व्हिडिओ आमच्या मशीनवर अडखळायचा. बोरिसमध्येच तो लहान करून घेता येतो, तो करून घेतला. एकदा कीबोर्ड मराठीवर राहिला होता आणि एकही कळ नोंदली जाईना. अर्धा तास आम्ही सॉफ्टवेअरलाच दोष देत होतो.

शेवटी टाइम बजेट काढलं. कोणत्या माशीने काय किती वेळा केलं, किती सेकंद केलं, एकूण वेळाच्या किती टक्के, सगळा तक्ता समोर. तो एक्सेलमध्ये गेला. मुलींची खात्री होती की सगळ्यांना टोचणारी पिवळ्या ठिपक्याची माशीच राणी. अंडी घालताना दिसली ती निळी. तक्त्यात निळीच्या नावापुढे जवळजवळ सगळा वेळ बसणं आणि टोचा एकही नाही. या जातीची राणी शांत असते हे मी वर्गात कितीदा शिकवलंय. पण त्या ओळीवर बोट ठेवून धाकटी म्हणाली, “मॅडम, ही तर काहीच करत नाही हो!”

राणी काढली की एखादी कामकरी माशी लगेच भयंकर आक्रमक होते, असं गदगकरांच्या कामात आहे. येत्या रविवारी निळीला थोड्या वेळासाठी डबीत ठेवणार आहोत. प्रोजेक्टमध्ये पाठलागासाठी नवी कळ कालच घातली.