विट्टी उडसच नही!

चौथीच्या वर्गाच्या प्रकल्पासाठी जळगावातल्या एका दुकानातून पारंपरिक खेळांचा संच आणला, साडेसहाशेला. अमळनेरकडची आमची जिल्हा परिषदेची शाळा, खर्च माझ्याच पर्समधून.

कवड्या मात्र एक नंबर. अष्टाचंगाचा पंचवीस घरांचा पट पोरांनी फरशीवर खडूने आखला. चार कवड्या शंभरदा टाकायच्या आणि प्रत्येक दानाला वहीत एक खूण. दोन उताण्या सर्वांत जास्त वेळा, अष्टा म्हणजे आठाचं दान क्वचितच. "म्हणूनच अष्ट्याला इतका भाव!" हे एका पोरीने स्वतःच शोधलं, मला संभाव्यता शब्द उच्चारावाही लागला नाही.

लगोरीच्या सात चकत्या ठीक. सागरगोटे प्लॅस्टिकचे, हलके, हातात बसतच नाहीत. आणि विटी? दोन्ही टोकं बोथट. अंगणात दांडूने अंतर मोजायचा बेत होता, तर पहिल्याच फटक्याला ओरड, "मॅडम, हाई विट्टी उडसच नही!" शेवटी एकाच्या आजोबांनी बाभळीची तासून दिली. ती थेट हेडसरांच्या खिडकीपर्यंत गेली.

दुकानदार बदलून देईना. कवड्या सुट्या मिळाल्या तर तेवढ्याच घ्या.