विलच्या 'स्टॅम्प ड्यूटी'पायी माझे 64,500 रुपये गेले

31 वर्षं नोकरी केली, तीही हिशेबाच्या टेबलावर, आणि तरी फसले. लाजेपोटी चार महिने लेकीलासुद्धा सांगितलं नाही. आता लिहितेय, कारण मला फसवणारा एजंट अजून निबंधक कार्यालयाच्या दारातच बसतो.

फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, माझ्या पगारातून कर्ज फेडून घेतलेला. तो लेकीला द्यायचा होता. सोसायटीत नॉमिनी म्हणून तिचं नाव होतंच, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकीचे वारस उद्या हक्क सांगू शकतात, एवढं मला कळत होतं. म्हणूनच तर मृत्युपत्र करायला निघाले. अगदीच अडाणी नव्हते मी.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचे एजंट कसे गाठतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. "मावशी, रांगेत कशाला उभ्या राहताय?" आकडे त्याने तोंडपाठ सांगितले. मसुदा 8,000, नोंदणी 12,500, साक्षीदारांचे 2,000. हे 22,500 मी त्याच्या मोबाइल नंबरवर पाठवले. आणि फ्लॅटच्या किमतीच्या एक टक्का 'स्टॅम्प ड्यूटी' म्हणून 42,000 रोख दिले. पावती? "ती दस्ताबरोबरच मिळते."

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. एक रुपयासुद्धा नाही. साध्या कागदावर लिहिलेलं चालतं. नोंदणीही सक्तीची नाही.

पण माझा खरा संताप माझ्यावरच आहे, तो पुढच्या गोष्टीसाठी. त्याने सहीसाठी कागद पुढे केला, तेव्हा खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आधीच होत्या. निळ्या शाईच्या, एक तर पार वाळून फिकट पडलेली. मी विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "आपलीच माणसं, रोज साक्षी देतात." आणि मी सही केली! साक्षीदार कशासाठी असतो? मी सही करताना त्याने पाहायचं, किंवा ही माझीच सही आहे हे मी त्याला स्वतः सांगायचं, आणि मग माझ्यासमोर त्याने सही करायची. या दोघांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत. उद्या लेकीला कोर्टात उभं राहावं लागलं असतं तर तिने कुणाला बोलावलं असतं?

शिवाय फ्लॅट घेतला तेव्हा याच कार्यालयात माझा फोटो काढला होता, अंगठा घेतला होता. या वेळी दोन्ही नाही. तो एकटाच आत गेला आणि तासाभराने लाल गोल शिक्का मारून कागद घेऊन आला. मला वाटलं, झाली नोंदणी. तो नोटरीचा शिक्का होता. दस्त क्रमांक नाही म्हणजे नोंदणी नाही, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण त्या आठवड्यात माझं बीपी वाढलेलं होतं, एकदाचं उरकावं असं झालं होतं.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना? हा दिवाणी मामला आहे." तिसऱ्यांदा 42,000 चा पुरावा मागितला. खोटी सरकारी फी सांगून पैसे उकळणं ही फसवणूक नाही तर काय? अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र अर्धा तास घासाघीस. शेवटी पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवली, उत्तर नाही. निबंधक कार्यालयात म्हणाले, "तो आमचा माणूस नाही." तुमचा नाही, मग तुमच्या दारात खुर्ची टाकून कसा बसतो? खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, विलच्या नोंदणीची फी 100 रुपये आहे. हे दारावर मोठ्या अक्षरात लिहायला काय होतं?

नवं मृत्युपत्र केलं. शेजारचे दोघे साक्षीदार, दोघेही माझ्याहून लहान. लेकीला मुद्दाम साक्षीदार केलं नाही, जिला घर मिळणार तिचीच साक्ष म्हणजे वादाला आमंत्रण. प्रत्येक पानावर सही, तारीख, सोबत डॉक्टरांचा दाखला. जुनं रद्द केल्याचं पहिल्याच ओळीत लिहिलं. आणि पैसे खिडकीवरच भरा, पावती हातात आल्याशिवाय हलू नका.

काल तिथून जाताना त्याच्यासमोर एक आजोबा फाइल उघडून बसले होते. मी थांबून सांगितलं, "आजोबा, विलला स्टॅम्प ड्यूटी नसते." ते गोंधळून त्याच्याकडे बघायला लागले. तो मला म्हणाला, "मॅडम, धंद्याच्या वेळी तमाशा करू नका." मी तिथून हलले नाही. आजोबांनी फाइल बंद केली, तेव्हाच निघाले.