रोहिणी हवी की अगस्ती? गोव्यातल्या मोठ्या दुर्बिणीसाठी माउंट निवडताना

पणजीचा अक्षांश 15.5 अंश, रोहिणी ताऱ्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) 16.5. म्हणजे याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना ती खमध्यापासून, बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम अंशभर दूर असते. अल्ट-अझिमुथ माउंटची, म्हणजे दुर्बीण एका उभ्या आणि एका आडव्या अक्षावर फिरवणाऱ्या बैठकीची, पंचाईत तिथेच. एरवी आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. रोहिणीमागे राहायला उभ्या अक्षाला त्या वेळी मिनिटाला साडेतेरा अंश फिरावं लागतं. मोटर फिरेल हो, पण चित्रही त्याच वेगाने गरगरतं. लांब एक्स्पोजर विसरा.

इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष (ध्रुवाक्ष) आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो; त्याला हा त्रास नाही. मात्र आपल्याकडे ध्रुवाक्ष जवळपास आडवा पडतो, वजनदार नळी त्यावर तोलणं जिकिरीचं. शिवाय ध्रुवतारा बहुधा शेजाऱ्याच्या माडाआड.

आता हेक्सापॉड. लांबी बदलणारे सहा पाय, दोन्ही टोकांना सांधे. गॉफ या अभियंत्याने टायर तपासायला वापरलेली ही रचना 1965 साली स्टुअर्ट या दुसऱ्या अभियंत्याच्या लेखामुळे गाजली. तिला खमध्याचं वावडं नाही. अक्षावर अक्ष चढवलेला नसल्याने खालची चूक वर साठत जात नाही, आणि पायांवर मुख्यतः ओढ-दाबच येतो, वाकणं नाही. हवी ती दिशा ठरली की पायांच्या लांब्या काढणं शाळकरी भूमितीचं काम. उलट जाऊन लांब्यांवरून दिशा शोधायची तर समीकरणांना 40 पर्यंत उत्तरं निघतात, पण ते दुखणं रोजच्या वापरात क्वचितच येतं.

खरी अडचण झुकण्याची. हवाईतल्या मौना लोआवरची ‘अमीबा’ ही रेडिओ दुर्बीण हेक्सापॉडवर आहे; ती क्षितिजापासून 30 अंशांखाली उतरत नाही. तीच मर्यादा पणजीत लावा: अगस्ती इथे फार तर 22 अंश चढतो, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ 27. दोन्ही गेले. दक्षिणेकडचं आकाश हेच तर आपलं पुण्या-नाशिकपेक्षा जास्तीचं धन! त्यात खाऱ्या हवेत सहा स्क्रू आणि बारा सांधे सांभाळायचे.

माझं मत अल्ट-अझिमुथला. रोहिणीसाठी पाव तास थांबावं.

हेक्सापॉड हवाच असेल तर दुय्यम आरशामागे (मुख्य आरशासमोरच्या छोट्या आरशामागे) लावा. नैनितालजवळच्या देवस्थळची 3.6 मीटर दुर्बीण तशीच आहे: खाली अल्ट-अझिमुथ, वर दुय्यम आरशाला हेक्सापॉड. एरवीच्या तीन स्क्रूंनी आरसा कलतो, पुढेमागे होतो. बाजूला सरकत नाही. सहा पायांनी तो हव्या त्या बिंदूभोवती फिरवता येतो, म्हणून कोमा (ताऱ्याला शेपटी फुटल्यासारखा दिसणारा दोष) न वाढवता कल सुधारता येतो. दुर्बीण 400 मिलिमीटरच्या आतली असेल, तर मात्र तीन स्क्रू आणि एक चिकाटीचा माणूस पुरतो.